न्यूयॉर्कच्या ज्यू पद्धतीच्या डेलीत जेवायला जाताना: तयारी, ऑर्डरचा क्रम आणि नेहमी होणाऱ्या चुका

न्यूजर्सीत मुलांकडे आलेले आईवडील, नोकरीनिमित्त नुकतीच आलेली तरुण मंडळी आणि चार दिवसांसाठी आलेले पर्यटक न्यूयॉर्कच्या डेलीत, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या सँडविचसाठी ओळखल्या जाणाऱ्या ज्यू पद्धतीच्या खानावळीत, जातात, तेव्हा त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा घडतात. शाकाहारी माणूस ‘साधे सूप’ म्हणून कोंबडीच्या रश्श्यातले सूप मागवतो, गोमांस न खाणाऱ्याच्या पुढ्यात ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीचे मांस, येते, चौघे जण चार सँडविच घेतात आणि त्यांतली दोन तशीच उरतात, ‘चरबी नको’ असे निक्षून सांगून कोरडे मांस पदरात पडते, आणि मग ‘एवढे नाव आहे, पण चवीला काही नाही’ असा शेरा मारून सगळे बाहेर पडतात. यांतली बहुतेक चूक स्वयंपाकघराची नसते. कुठे जायचे, कोण काय खातो आणि काय कोणत्या शब्दांत मागायचे, हे दारात उभे राहिल्यावर ठरवायला घेतले की घोटाळा ठरलेलाच. खालचे टप्पे त्याच क्रमाने पाळावेत, कारण पहिले तीन घरी बसून करायचे आहेत आणि पुढचे सगळे त्यांवर अवलंबून आहेत.

टप्पा १: दुकान कोणत्या प्रकारचे आहे, ते आधी पाहा

‘ज्यू डेली’ या एकाच नावाखाली लोक चार निरनिराळ्या प्रकारची दुकाने धरतात, आणि तिथूनच गोंधळाला सुरुवात होते.

पहिला प्रकार म्हणजे कोशर मांसाहारी डेली. इथे ज्यू धर्मशास्त्राचे आहारनियम पाळले जातात. डुकराचे मांस आणि कोळंबी, खेकडे, शिंपल्या यांना मज्जाव असतोच, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे मांस आणि दूध एकत्र येत नाही. त्यामुळे या दुकानात चीज, लोणी, साय, दूध यांपैकी काहीही मिळणार नाही आणि चहा-कॉफीतही दुधाऐवजी दुग्धविरहित पर्याय येईल. कोकणातल्या बेने इस्रायली घरांत मटणाच्या रश्श्याला दह्याऐवजी नारळाचे दूध लावतात, त्यामागेही हाच नियम आहे. मात्र बेने इस्रायली जेवण आणि पूर्व युरोपातून आलेले हे डेलीचे जेवण यांत चवीचे नाते शोधू नये. मॅनहॅटनमधील सेकंड ॲव्हेन्यू डेली हे या पहिल्या प्रकाराचे परिचित उदाहरण आहे.

दुसरा प्रकार ‘कोशर-स्टाइल’ डेलीचा. पदार्थ तेच, पण धार्मिक नियमांचे बंधन नाही आणि प्रमाणपत्रही नाही. हाउस्टन स्ट्रीट आणि लडलो स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे, १८८८ पासून चालत आलेले कॅट्झ डेलिकेटेसन या प्रकारात मोडते. इथे गोमांसावर चीज घातलेले रूबेन सँडविच उघडपणे मिळते, जे कोशर डेलीत मिळूच शकत नाही.

तिसरा प्रकार दुग्धजन्य कोशर खानावळीचा. इथे दूध, लोणी, चीज सगळे चालते, म्हणून मांस अजिबात नसते. शाकाहारी मराठी माणसासाठी हा प्रकार सर्वांत निर्धास्त आहे आणि तरीही तो बहुतेकांना ठाऊक नसतो, याची मला फार खंत वाटते. सेकंड ॲव्हेन्यूवरील बी अँड एच डेअरी ही चिंचोळी खानावळ आणि हाउस्टन स्ट्रीटवरील योना शिमेल ही क्निशची, म्हणजे पिठाच्या पारीत सारण भरून भाजलेल्या पदार्थाची, बेकरी ही त्याची दोन चांगली उदाहरणे आहेत.

चौथा प्रकार ‘ॲपेटायझिंग’ दुकानाचा. इथे खारवलेले आणि धुरावलेले मासे, क्रीम चीज, बेगल हा कड्यासारखा गोल पाव आणि सॅलड मिळतात. पास्ट्रामी, म्हणजे मसाला लावून धुरावलेले गोमांस, मिळत नाही. रस अँड डॉटर्स हे त्याचे प्रसिद्ध दुकानही हाउस्टन स्ट्रीटवरच आहे. तिथे जाऊन पास्ट्रामी मागणारे पाहुणे पुष्कळ असतात.

तपासणी: दुकान खरोखर कोशर आहे का, हे नावावरून, खिडकीवरच्या हिब्रू अक्षरांवरून किंवा दाविदाच्या चांदणीवरून ओळखू नये. दारावर किंवा गल्ल्याजवळ लावलेले, चालू मुदतीचे प्रमाणपत्र पाहावे.

सावधान: सेकंड ॲव्हेन्यू डेली आता सेकंड ॲव्हेन्यूवर नाही. तिची एक शाखा पूर्व ३३व्या रस्त्यावर, लेक्सिंग्टन आणि थर्ड ॲव्हेन्यूच्या मध्ये आहे. नावावर विश्वास ठेवून त्या ॲव्हेन्यूवर वर-खाली चालत राहणारे लोक अजूनही आढळतात.

टप्पा २: बरोबरच्या मंडळींचे पथ्यपाणी लिहून काढा

हे काम सर्वांत कंटाळवाणे आणि सर्वांत आवश्यक आहे. ‘नॉनव्हेज चालते’ एवढे उत्तर पुरेसे नाही. अमेरिकेतील ज्यू डेली हे मुख्यतः गोमांसाचे दुकान आहे, ही गोष्ट आधी सर्वांना स्पष्ट सांगावी. पास्ट्रामी, कॉर्न्ड बीफ, ब्रिस्केट, टंग (जीभ), सलामी आणि फ्रँकफर्टर हे सगळे गोमांसाचे असते, आणि पदार्थाच्या नावात ‘बीफ’ हा शब्द प्रत्येक वेळी येत नाही. कोशर डेलीतला हॉट डॉगसुद्धा गोमांसाचाच असतो. कोंबडी आणि मासे खाणारे, पण गोमांस न खाणारे असे आपल्याकडे असंख्य लोक आहेत. त्यांच्यासाठी भाजलेल्या टर्कीचे सँडविच, बऱ्याच ठिकाणी मिळणारी टर्की पास्ट्रामी, कोंबडीचे सूप, चिकन सॅलड, ट्यूना सॅलड किंवा व्हाइटफिश सॅलड हे पर्याय आहेत. टर्की पास्ट्रामी मागवताना ‘टर्की’ हा शब्द दोनदा उच्चारावा आणि ज्या सुरीने व फळीवर गोमांस कापले जाते त्याच सुरी-फळीवर ती कापली जाईल, हे गृहीत धरावे. ज्यांना ते चालत नाही त्यांनी टेबलसेवा असलेल्या ठिकाणी तशी विनंती आधी करावी; गर्दीच्या काउंटरवर ती पाळली जाण्याची आशा ठेवू नये.

शाकाहारी व्यक्तीसाठी मुख्य अडचण दिसणाऱ्या मांसाची नसून न दिसणाऱ्या चरबीची आहे. कोंबडीची चरबी कांद्यासह कढवून केलेली ‘श्माल्त्झ’ हे या स्वयंपाकाचे पारंपरिक स्नेहद्रव्य आहे, कारण मांसाच्या जेवणात लोणी चालत नाही. ती कुठे कुठे असते ते पाहा. मॅट्झो बॉल सूपमधला गोळा मॅट्झो या बेखमीर पावाचे पीठ आणि अंडी यांचा असतो, पण तो श्माल्त्झमध्ये मळलेला असू शकतो आणि सूप तर कोंबडीचेच असते. काशा वार्निश्केस, म्हणजे कुट्टूच्या कण्या आणि फुलपाखराच्या आकाराचा पास्ता, दिसायला पूर्ण शाकाहारी वाटतो. त्यातला कांदा अनेकदा श्माल्त्झमध्ये परतलेला असतो आणि वरून ब्राउन ग्रेव्ही येते. बटाट्याच्या क्निशमध्येही ती असू शकते. क्रेप्लाखच्या पारीत मांसाचे सारण असते. किश्के या भरलेल्या सॉसेजच्या पाककृतीत मुळात गाईच्या आतड्याचे आवरण असते. हल्ली कृत्रिम आवरण वापरतात, पण सारणात चरबी असू शकते.

‘पारेव्ह’ अशी खूण असलेल्या पदार्थाविषयी मोठा गैरसमज आहे. पारेव्ह म्हणजे ज्यात मांसही नाही आणि दूधही नाही असा पदार्थ; परंतु त्यात अंडे असू शकते आणि मासाही असू शकतो. अंडे न खाणाऱ्यांनी लाटके (बटाट्याचे तळलेले थापे), कुगेल (शेवयांचा किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ), खाला हा वेणीचा पाव आणि मॅट्झो बॉल हे चारही पदार्थ अंड्याचे आहेत असे समजून चालावे. दुग्धजन्य खानावळीतही अंडी आणि मासे असतात, हे लक्षात ठेवावे.

तपासणी: घरातून निघण्यापूर्वी प्रत्येक व्यक्तीच्या नावापुढे चार प्रश्नांची उत्तरे असावीत: गोमांस चालते का, कोंबडीची चरबी चालते का, अंडे चालते का, मासा चालतो का. चारही उत्तरे ‘नाही’ असतील, तर त्या व्यक्तीला मांसाहारी डेलीत नेऊन लोणचे आणि कोलस्लॉवर बसवू नये. हाउस्टन स्ट्रीटवर कॅट्झपासून योना शिमेलपर्यंत काही मिनिटांचीच चाल आहे. आधी तिथे बटाट्याचा, पालकाचा किंवा काशाचा गरम क्निश खाऊ घालावा आणि मग सर्वांनी पुढे जावे. कांदा-बटाटा वर्ज्य असणाऱ्या जैन पाहुण्यांना मात्र या जेवणात जवळपास काहीच मिळणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकावे.

टप्पा ३: दिवस आणि वेळ निवडा

शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. अनेक कोशर खानावळी या काळात बंद असतात आणि शुक्रवारी दुपारीच आवराआवर करतात. काही कोशर डेली शनिवारीही उघड्या असतात, तर कोशर-स्टाइल दुकानांना शब्बाथचे बंधनच नसते. म्हणून वार ठरवण्यापूर्वी त्या दुकानाच्या वेळा पाहाव्यात. वसंतात येणाऱ्या पासओव्हर या ज्यू सणाच्या आठ दिवसांत आंबवलेला पाव कोशर नसतो, त्यामुळे कोशर डेली एक तर बंद असतात किंवा त्यांची पदार्थांची यादी पूर्ण बदललेली असते. राय ब्रेडवरचे सँडविच खायला त्या आठवड्यात कोशर डेलीत जाऊ नये. रोश हशाना (ज्यू नववर्ष) आणि योम किप्पूर (उपासाचा दिवस) हे सणही पाहून घ्यावेत.

शनिवार-रविवारची दुपार टाळावी. ॲपेटायझिंग दुकानात रविवारची सकाळ ही वर्षभर गर्दीची असते, आणि योम किप्पूरचा उपास सोडण्यासाठी मासे-बेगल नेणाऱ्यांमुळे त्याच्या आधीचे दिवस तर विचारूच नयेत. मंगळवार ते गुरुवार, सकाळी अकराच्या सुमारास किंवा दुपारी तीननंतर गेल्यास कापणारा कारागीर आपल्याशी दोन शब्द बोलू शकतो, आणि त्या दोन शब्दांवरच पुढचे सँडविच अवलंबून असते.

एडिसन किंवा मेट्रोपार्कहून येणाऱ्यांनी न्यूजर्सी ट्रान्झिटने पेन स्टेशन गाठावे, तिथून एक चौक चालून हेराल्ड स्क्वेअरला एफ ही भुयारी गाडी घ्यावी आणि सेकंड ॲव्हेन्यू स्थानकावर उतरावे. स्थानक हाउस्टन स्ट्रीटवरच आहे. गाडी घेऊन येऊ नये. पार्किंगचा खर्च एका माणसाच्या जेवणाइतका सहज होतो.

खर्चाचा अंदाजही आधीच घ्यावा. मॅनहॅटनमधील नावाजलेल्या डेलीत पास्ट्रामी सँडविच २५ डॉलरच्या आसपास किंवा त्याहून अधिक पडते, त्यावर न्यूयॉर्क शहराचा ८.८७५ टक्के विक्रीकर आणि टेबलसेवा असल्यास टिप. हा आकडा वडीलधाऱ्यांना तिथे गेल्यावर कळला की त्यांचे मन जेवणातून उडते. सँडविच दोघांत आहे, हे त्यांना निघतानाच सांगून ठेवावे.

टप्पा ४: दारातून आत शिरताना

टेबलसेवा असलेल्या डेलीत कोणी बसवेपर्यंत थांबायचे, इतकेच. कॅट्झची पद्धत मात्र वेगळी आहे आणि तिथे चूक महागात पडते.

दारात प्रत्येक व्यक्तीच्या हातात एक चिठ्ठी दिली जाते. लहान मुलालाही चिठ्ठी मिळाली तर ती त्याच्या हातात ठेवू नये, आपल्या खिशात ठेवावी. काउंटरवर सँडविच, फ्रँकफर्टर, पेये यांच्या जागा वेगवेगळ्या आहेत. जिथे जे घ्याल तिथे त्या चिठ्ठीवर त्याची नोंद होते. पैसे शेवटी बाहेर पडताना द्यायचे. चौघांचे सगळे एकाच चिठ्ठीवर लिहून घेतले तरी उरलेल्या तीन कोऱ्या चिठ्ठ्या बाहेर पडताना परत द्याव्याच लागतात, आणि चिठ्ठी हरवल्यास दंड आकारला जातो. कोरी चिठ्ठी चुरगाळून ताटाबरोबर कचऱ्यात टाकणे ही इथली सर्वांत सामान्य चूक आहे.

भिंतीच्या कडेची टेबले वेटरच्या सेवेची असतात आणि मधली स्वतः आणून खाण्याची. काउंटरवरून घेतलेले ताट घेऊन वेटरच्या टेबलावर बसू नये. वृद्ध माणसे बरोबर असतील तर वेटरचे टेबल घेणे चांगले. पण कापणाऱ्याशी बोलून सँडविच घ्यायचे असेल तर एकाने जागा धरावी आणि एकाने रांगेत उभे राहावे. सगळ्यांनी रांगेत उभे राहण्याची गरज नाही.

टप्पा ५: सँडविच मागवणे

इथे घाई करू नये, कारण संपूर्ण जेवणाचा कस या एका ऑर्डरमध्ये आहे.

प्रथम मांस निवडावे. पास्ट्रामी आणि कॉर्न्ड बीफ दोन्ही खारवलेले असतात, पण त्यांची पुढची वाट वेगळी आहे. पास्ट्रामीला मिरी आणि धणे यांचा जाड थर चोळून ती धुरावतात आणि शेवटी वाफेवर मऊ करतात. कॉर्न्ड बीफला धूर लागत नाही, ते उकळून शिजवतात. म्हणून मसाल्याची आणि धुराची चव हवी असेल तर पास्ट्रामी, सौम्य हवे असेल तर कॉर्न्ड बीफ. ब्रिस्केट म्हणजे खारवल्याशिवाय मंद आचेवर शिजवलेले मांस. ते ग्रेव्हीसह ताटात घेतलेले अधिक चांगले लागते.

दुसरा प्रश्न चरबीचा, आणि बहुतेक मराठी मंडळी इथेच अडखळतात. ‘लीन’ म्हणजे चरबीविरहित मांस मागणे आरोग्याचे वाटते. परंतु पास्ट्रामीचा ओलावा आणि मऊपणा तिच्या चरबीतूनच येतो. लीन काप दोन मिनिटांत कोरडे पडतात आणि मग चव फक्त मिठाची उरते. पूर्ण चरबीचा भाग पहिल्यांदा खाणाऱ्याला जड जाईल, म्हणून ‘मीडियम’ किंवा ‘नॉट टू लीन’ असे मागावे. प्रमाण कमी करायचे असेल तर ते सँडविच अर्धे खाऊन करावे, चरबी काढून नव्हे.

तिसरा प्रश्न कापण्याचा. जिथे हाताने कापतात तिथे ‘हँड-कट’ मागावे. कारागीर वाफेच्या पेटीतून आख्खा तुकडा काढतो, कडेचा सुकलेला भाग बाजूला करतो आणि मांसाच्या धाग्यांना आडवी सुरी चालवतो. या वेळी त्याच्या हाताकडे नीट पाहावे: सुरी जवळजवळ दाबावी लागत नाही, काप पेन्सिलीच्या जाडीचे पडतात, त्यांची काळी कड सुटी होत नाही आणि प्रत्येक कापातून वाफ येते. काप करताना तुकडा तुटून भुगा होत असेल तर मांस जास्त शिजले आहे. सुरीला जोर लावावा लागत असेल तर कमी. कॅट्झमध्ये कारागीर बहुधा एक काप बशीत घालून चाखायला देतो. तो काप सौजन्यापुरता घेऊन गिळून टाकू नये. तो चाखूनच ‘यापेक्षा थोडे चरबीचे’ किंवा ‘हेच चालेल’ हे सांगायचे असते. त्याच्यापुढच्या पेल्यात एक-दोन डॉलर टाकण्याची रीत आहे आणि ती पाळावी.

चौथा प्रश्न पावाचा. उत्तर एकच: राय ब्रेड, शक्यतो शहाजिऱ्याच्या जातीचे कॅरावेचे दाणे घातलेला. पांढरा पाव मांसाच्या वाफेने ओला होऊन हातात तुटतो. त्यावर तपकिरी, तिखटसर मस्टर्ड लावावे; मेयोनीज, केचप, टोमॅटो, लेट्यूस मागू नये. हे हट्टाने म्हणत नाही. मांस खारट आणि स्निग्ध असते, त्याला मस्टर्डची तिखट धार हवी असते आणि मेयोनीज त्या स्निग्धतेत भरच घालते. चीज हवेच असेल तर कोशर-स्टाइल दुकानात रूबेन घ्यावे: कॉर्न्ड बीफ, आंबवलेला कोबी, स्विस चीज आणि रशियन ड्रेसिंग घालून शेकलेले. कोशर डेलीत चीज मागितल्यास वेटर नम्रपणे नाही म्हणेल. पुन्हा आग्रह करू नये, ती त्यांच्या धर्मनियमाची बाब आहे.

रांगेत शब्द शोधत बसावे लागू नये म्हणून वाक्य तयार ठेवावे: ‘पास्ट्रामी ऑन राय, हँड-कट, नॉट टू लीन, मस्टर्ड, कट इन हाफ, प्लीज.’ यात सगळे आले.

सावधान: मोठ्या डेलींच्या एका सँडविचमध्ये पाऊण पौंडाच्या, म्हणजे सुमारे ३४० ग्रॅमच्या आसपास मांस असू शकते. दोघांत एक सँडविच हे प्रमाण धरावे. काही टेबलसेवेच्या ठिकाणी एक सँडविच वाटून खाल्ल्यास वेगळी आकारणी होते. ती यादीच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेली असते. तशा ठिकाणी ‘सूप आणि अर्धे सँडविच’ हा जोड पाहावा. एकट्याने जाणाऱ्यासाठी तर मला तोच सर्वांत योग्य वाटतो.

टप्पा ६: सूप, तोंडी लावणे आणि पेय

चौघांसाठी दोन सँडविच, एक किंवा दोन मॅट्झो बॉल सूप, एक लाटके किंवा एक क्निश एवढे पुरते. सूप आधी मागवावे, सँडविच नंतर. दोन्ही एकदम आली तर सूप संपेपर्यंत मांस थंड होते.

टेबलसेवेच्या बहुतेक डेलींत खारवलेल्या काकड्यांची बशी न मागताच येते. हिरवीगार, करकरीत असते ती ‘हाफ-सावर’, म्हणजे मिठाच्या पाण्यात थोडे दिवस राहिलेली. काळपट हिरवी, लसणाच्या वासाची आणि चांगली आंबट ती ‘फुल-सावर’. दोन्ही पूर्ण शाकाहारी असतात. त्या जेवणाआधी संपवू नयेत. प्रत्येक दोन-तीन घासांनंतर एक तुकडा खाल्ला की चरबीने जड झालेली जीभ मोकळी होते.

लाटके म्हणजे किसलेल्या बटाट्याचे, कांदा आणि अंडे घालून तळलेले थापे. कोशर मांसाहारी डेलीत ते सफरचंदाच्या सॉसबरोबर येतात, आंबट सायीबरोबर नव्हे. चॉप्ड लिव्हर ही कोंबडीच्या काळजाची, उकडलेले अंडे आणि परतलेला कांदा घातलेली जाडसर वाटणी असते. ज्यांना काळीज आवडते त्यांनी ती चुकवू नये. गेफिल्टे फिश थंडच येतो आणि बीटने लाल झालेल्या हॉर्सरॅडिश या तिखट मुळाच्या चटणीबरोबर खायचा असतो. तो गरम करून मागू नये.

पेयांच्या नावांवरून घाबरू नये. डॉ. ब्राउनच्या क्रीम सोड्यात साय नसते आणि चॉकलेट एग क्रीममध्ये अंडेही नसते, सायही नसते. दूध, सोडावॉटर आणि चॉकलेट सिरप एवढेच असते. अंडे न खाणाऱ्यांनी ते निःशंक घ्यावे, मात्र दुधामुळे ते कोशर मांसाहारी डेलीत मिळणार नाही. सेल-रे हा सेलरीच्या चवीचा सोडा पास्ट्रामीबरोबर उत्तम जातो, पण एकच घेऊन आधी चाखावा.

टप्पा ७: खाणे

सँडविच आले की लगेच खावे. फोटो काढायचा तर पहिल्या अर्ध्या मिनिटात. वाफेवरचे मांस थंड होताना घट्ट होते, चरबी पांढरी पडते आणि दहा मिनिटांनी तेच सँडविच निराळे लागते. वरचा पाव उचलून मांस काट्याने खाण्यापेक्षा, भरणा फारच जास्त असेल तर थोडे काप बाजूला काढून ठेवावेत आणि हातात मावेल एवढे सँडविच हातानेच खावे. उरलेले काप नंतर दुसऱ्या पावाबरोबर संपवता येतात. त्यासाठी राय ब्रेडचे दोन तुकडे जास्तीचे मागितले तर बहुतेक ठिकाणी मिळतात.

टप्पा ८: माशांच्या दुकानातली ऑर्डर

ॲपेटायझिंग दुकानात जाणार असाल, तर आत शिरताच प्रथम क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी. ती न घेता काचेच्या कपाटासमोर उभे राहिल्यास कोणी विचारणार नाही. ‘लॉक्स’ हा शब्द लोक सर्वच सामनसाठी वापरतात, पण बेली लॉक्स फक्त मिठात मुरवलेला, धूर न दिलेला आणि अतिशय खारट असतो. पहिल्यांदा खाणाऱ्याने नोव्हा मागावा. तो सौम्य खारवून थंड धुरावर धरलेला असतो. पातळ कापायला सांगावे. दोघांसाठी पाव पौंड नोव्हा, दोन बेगल आणि थोडे पातीच्या कांद्याचे क्रीम चीज पुरते. ताजा बेगल भाजायला सांगू नये, कारण गरम बेगलवर क्रीम चीज वितळते आणि मासा कोमट होतो.

टप्पा ९: बिल आणि टिप

टेबलसेवेसाठी १८ ते २० टक्के टिप धरावी. मोठ्या गटाच्या बिलात सेवाशुल्क आधीच धरलेले असू शकते; ती ओळ पाहिल्याशिवाय वर आणखी टिप लिहू नये. कॅट्झमध्ये सर्व चिठ्ठ्या एकत्र मोजून, मगच दाराकडे जावे. पैसे कोणी द्यायचे यावरचा आपला नेहमीचा आग्रह टेबलावरच मिटवावा, कारण बाहेर पडण्याच्या रांगेत मागे लोक खोळंबलेले असतात.

टप्पा १०: घरी नेताना

तयार सँडविच बांधून नेऊ नये. तासाभराच्या प्रवासात पाव भिजतो आणि मांस घट्ट होते. मांस वजनावर, राय ब्रेड वेगळा आणि मस्टर्ड वेगळे घ्यावे. दुसऱ्या दिवशी खायचे असेल तर न कापलेला तुकडा मागावा आणि घरी पोहोचताच तो फ्रिजमध्ये ठेवावा.

गरम करण्यासाठी मायक्रोवेव्ह वापरू नये. इडलीपात्रात किंवा मोदकपात्रात खाली पाणी उकळून, जाळीवर मांस ठेवून झाकावे. कापलेल्या मांसाला काही मिनिटे पुरतात. आख्ख्या तुकड्याला, जाडीनुसार, तास-दीड तास लागू शकतो, म्हणून मधूनमधून पाणी पाहत राहावे. काटा टोचला असता तो सहज आत जाऊन सहज बाहेर आला की तुकडा तयार झाला. तो फळीवर आडवा ठेवून धागे कोणत्या दिशेने जातात ते पाहावे आणि त्यांना छेद देत कापावे; लागतील तेवढेच काप करावेत आणि उरलेला तुकडा पुन्हा झाकून ठेवावा. बेगल उरले तर ते त्याच दिवशी आडवे चिरून फ्रीजरमध्ये टाकावेत. गोठलेला बेगल न चिरता सुरीखाली धरणे धोक्याचे असते, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत बाहेर राहिलेला बेगल भाजूनही पूर्वीसारखा होत नाही.